अकरा डॉलरचं डोमेन

'एथिकल हॅकर आणि नुसता हॅकर, फरक काय?' हा प्रश्न तुम्ही बऱ्याच जणांनी पाठवलाय. पांढरी टोपी, काळी टोपी हे उत्तर तुम्हाला माहीतच असेल. मला ते कधी पुरेसं वाटलं नाही. का, ते एका पोराच्या गोष्टीतून सांगतो.

12 मे 2017, शुक्रवार. ब्रिटनमधल्या सरकारी हॉस्पिटलांचे कॉम्प्युटर धडाधड लॉक व्हायला लागले. स्क्रीनवर एकच मजकूर : फाईल्स परत हव्यात? 300 डॉलर बिटकॉइनमध्ये भरा. ऑपरेशनं पुढे ढकलली, अ‍ॅम्ब्युलन्स दुसरीकडे वळवल्या. या प्रकाराचं नाव वॉनाक्राय. आणि गंमत म्हणजे, हा पसरायला कुणी लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती. विंडोजमध्ये फाईल शेअर करायची जी सोय असते, तिच्यातल्या एका भोकातून तो आपोआप पुढच्या मशीनमध्ये शिरायचा.

हे भोक अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला आधीपासून माहीत होतं. मायक्रोसॉफ्टला सांगायचं सोडून त्यांनी त्याचं हत्यार बनवलं आणि स्वतःजवळ ठेवलं. ते फुटलं, आणि एप्रिलमध्ये 'शॅडो ब्रोकर्स' नावाच्या गटाने ते इंटरनेटवर टाकून दिलं. मायक्रोसॉफ्टचं अपडेट मार्चमध्येच आलेलं. पण 'रिमाइंड मी लेटर' दाबणारे काय आपणच आहोत का?

तर त्या शुक्रवारी मार्कस हचिन्स सुट्टीवर होता. वय 22, इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका गावात राहणारा. वॉनाक्रायचा कोड बघताना त्याला दिसलं, की हा एका लांबलचक, निरर्थक वेबसाइटला हाक मारतोय आणि ते नाव कुणी घेतलेलंच नाही. त्याने ते विकत घेतलं, जेमतेम 11 डॉलरना. संसर्ग कुठे कुठे पोचलाय हे मोजायला. अशा कामात ही नेहमीची पद्धत. पण त्या पत्त्यावरून उत्तर आलं की वॉनाक्राय स्वतःच थांबायचा! हे त्याला नंतर कळलं. साथ ओसरली, पोरगा हिरो झाला.

भोक मात्र तिथेच होतं. जूनमध्ये नॉटपेट्या आला, त्यातही एनएसएचंच हत्यार, आणि या वेळी विकत घेऊन थांबवता येईल असं डोमेन नव्हतं. आपल्या न्हावाशेवा बंदरातल्या एका टर्मिनलचं कामही त्यात ठप्प झालं.

ऑगस्टमध्ये हचिन्स लास वेगासला हॅकर्सच्या संमेलनाला गेला. परत निघताना एफबीआयने त्याला विमानतळावरच धरलं. कारण? क्रोनॉस. लोकांचे बँकेचे पासवर्ड चोरणारं हे सॉफ्टवेअर काही वर्षांपूर्वी त्यानेच लिहिलं होतं. 2019 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला. कोर्टाने आधी भोगलेली कोठडी पुरे मानली, वर एक वर्षाची देखरेख.

मला हा निकाल पटतो. क्रोनॉस लिहिणारे आणि वॉनाक्राय अडवणारे हात एकाच माणसाचे, आणि कोर्टाने दोन्ही पाहिले. ते भोक स्वतःजवळ दाबून ठेवल्याबद्दल मात्र एनएसएमधलं कुणीच कोर्टाच्या पिंजऱ्यात उभं राहिलं नाही.