मैल्यातल्या विजेची शंभर वर्षं

गोबरगॅस आपल्याला नवा नाही. शेण टाकीत कुजतं, वायू निघतो, शेगडी पेटते. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात तर 1897 साली मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करून वापरला होता. आज मात्र वायूची नाही, थेट विजेची गोष्ट सांगते. घाण खाणारे जंतूच वीज देतात, त्याची.

इंग्लंडमध्ये मायकेल पॉटर नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. 1911 साली त्यांनी साखरेच्या पाण्यात यीस्ट सोडलं, पाव फुगवतात ना तेच, आणि आत प्लॅटिनमची पट्टी ठेवून वीज मोजली. भरली 0.3 ते 0.5 व्होल्ट. म्हणजे टॉर्चच्या सेलचा जेमतेम तिसरा हिस्सा. मग कोण लक्ष देणार?

तीनच वर्षांनी, 1914 मध्ये, त्याच देशात मँचेस्टरला आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी सांडपाण्यात हवा सोडून जंतूंकडून ते साफ करून घेण्याची रीत मांडली. ती जगभर गेली. आज शहरांत जी मोठी सांडपाणी केंद्रं दिसतात, त्यातली बरीचशी याच रीतीची. पाणी छान निवळतं, पण हवा फुंकायला रात्रंदिवस यंत्र चालू लागतं. केंद्राच्या विजेतली निम्म्याच्या आसपास वीज त्यातच जाते. शिवाय गाळाचे ढीग. केंद्र बांधायला पैसा मिळतो, बायांनो, बिल भरायला मिळत नाही. खरं दुखणं ते आहे.

पॉटरच्या वाटेत हवा फुंकायचीच नाही. जंतूंना हवा न देता बसायला कार्बनची कांडी द्यायची. काही जातीचे जंतू घाण खातात आणि सुटलेले विजेचे बारीक कण त्या कांडीवर सोडतात. कांडीला तार जोडायची, तारेचं दुसरं टोक उघड्या हवेतल्या कांडीला. कण तारेतून पलीकडे धावतात आणि तिथल्या हवेला जाऊन मिळतात. ही धाव म्हणजेच वीज. इकडे पाणीही साफ होत जातं.

ऐकायला सोपं, पण गाडी पुढे सरकेना. 1931 मध्ये अमेरिकेत बार्नेट कोहेन यांनी अशा बऱ्याच बरण्या एकापुढे एक जोडून 35 व्होल्ट मिळवले, पण प्रवाह फक्त 2 मिलिअँपिअर. टाकी उंचावर आणि नळाला करंगळीएवढीही धार नाही, तशातली गत! पुढे कित्येक वर्षं जंतूंची वीज कांडीपर्यंत न्यायला वेगळी रसायनं घालत. ती महाग, काही विषारीही. 1999 च्या सुमारास कोरियात ब्युंग होंग किम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की काही जंतूंना ती लागतच नाहीत.

मग 2004 मध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात ब्रूस लोगन यांच्या गटाने खरंखुरं घरगुती सांडपाणी घेतलं. त्यातली 80 टक्क्यांपर्यंत घाण कमी झाली. वीज मात्र कांडीच्या एका चौरस मीटरमागे फार तर 26 मिलिवॅट. मी हिशोब केला: आपला नऊ वॅटचा एक बल्ब लावायला साडेतीनशे चौरस मीटर लागतील! म्हणून कुणी ‘गटारावर गाव उजळवू’ म्हणालं, तर हा आकडा त्याच्यापुढे ठेवा. कमाई विजेत कमी आणि बचतीत जास्त आहे: हवा फुंकायची नाही, गाळही कमी.

मोठं करताना मात्र अजून अडतं. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियात याटाला इथल्या बिअरच्या कारखान्यात तीन-तीन मीटर उंचीच्या बारा नळ्या उभ्या केल्या होत्या. कांड्यांवर जंतूंचा नको तेवढा थर चढला, वीज वाहीना.

छोट्या कामात ही रीत चालली. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या इयोआनिस इरोपुलोस यांनी मैला सोडून लघवी घेतली. त्यात क्षार असतात, त्यामुळे वीज चांगली वाहते. 2017 मध्ये त्यांच्या गटाने युगांडातल्या किसोरो इथे मुलींच्या एका शाळेत हे यंत्र बसवलं. मुलींच्याच लघवीवर शाळेच्या संडासात दिवे लागले. अंधारात संडासला जायचं म्हणजे काय, हे तुम्हाला मी कशाला सांगू?