स्कुटारीच्या इस्पितळाचा धडा



फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव तुम्हांला नवे नाही. रात्रीच्या वेळी हातात दिवा घेऊन जखमी शिपायांच्या खाटांमधून फिरणारी ही बाई शाळेच्या पुस्तकातून आपणां सर्वांच्या घरी येऊन गेली आहे. त्या दिव्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु त्या दिव्याच्या उजेडात न दिसलेली एक गोष्ट होती, आणि ती इस्पितळाच्या फरशीखाली होती. आज तिच्याविषयी बोलावयाचे आहे.

तुम्ही ज्यांना मामा आणि मावशी म्हणून हाक मारता, त्या इस्पितळातील कामगारांची संघटना बांधण्यात आमची उमेद गेली. शाळा लवकर सुटली. जे काही वाचले ते रात्री, युनियनच्या कचेरीत बसून. त्यामुळे इतिहास वाचतानाही झाडू कोणाच्या हाती होता, तिकडे आमची नजर आधी जाते. हा दोष असेल तर तो पत्करून पुढे बोलतो.

१८५४ साली इंग्लंड आणि फ्रान्स हे तुर्कांच्या बाजूने रशियाविरुद्ध युद्धात उतरले. लढाई क्रिमियात चाले, आणि आजारी व जखमी इंग्रज शिपाई जहाजात घालून काळ्या समुद्रापलीकडे, इस्तंबूलच्या समोरच्या स्कुटारी गावी आणीत. तेथील एक प्रचंड तुर्की बराक इंग्रजांना इस्पितळासाठी मिळाली होती. बाहेरून पाहिली तर राजवाडाच. आत मात्र खाटा पुरत नाहीत म्हणून माणसे फरशीवर ओळीने निजवलेली. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी नाइटिंगेलबाई ३८ परिचारिकांना घेऊन तेथे पोहोचल्या.

तेथे सगळ्याचीच टंचाई होती असे समजू नका. पुष्कळदा माल असे. तो रोग्यापर्यंत पोहोचत नसे. पुरवठ्याचे खाते एकाकडे, औषधपाणी दुसऱ्याकडे, इमारत तिसऱ्याकडे. आणि प्रत्येकाजवळ आपला कायदा. शिपायाने सदरा, काटा, चमचा आपल्या पिशवीतून आणावा असा नियम होता. क्रिमियात उतरताना वरिष्ठांच्याच हुकुमाने या पिशव्या मागे राहिल्या होत्या. तरी पुरवठा अधिकारी म्हणे, नियमाप्रमाणे सदरा तुमच्याजवळ असला पाहिजे, सबब देता येत नाही. मांस तोलून वाटत, पण हाडांसकट; म्हणून कोणाच्या वाट्याला मांस येई, तर कोणाच्या वाट्याला नुसते हाड. तापाने फणफणलेल्या माणसाने ते हाड घेऊन काय करावे?

बाईंजवळ स्वतःचा थोडा पैसा होता, आणि ‘टाइम्स’ पत्राने लोकांकडून जमवलेला निधी होता. त्यातून त्यांनी सदरे, बशा, फरशी घासण्याचे ब्रश विकत घेतले. एक घर भाड्याने घेतले, त्यात पाणी उकळण्याची भांडी बसवली, आणि शिपायांच्या बायकांना पगार देऊन कपडे धुण्याच्या कामाला लावले. या धोबीखान्याचे चित्र आम्ही कोणत्याही शाळेच्या भिंतीवर पाहिलेले नाही. आमच्या मते ते दिव्याच्या शेजारी लावण्याजोगे आहे.

आता गोष्टीतला कठीण भाग येतो. एवढे सर्व करूनही माणसे मरतच राहिली. नुसती मरत राहिली नाहीत, मृत्यू वाढत गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तेथील मृत्यूचे प्रमाण दाखल झालेल्या हजारामागे ४२७ इतके चढले. बाई रात्रंदिवस राबत होत्या, परिचारिका राबत होत्या, आणि दहांतली चार माणसे प्रेत होऊन बाहेर जात होती. बहुतेक जण जखमांनी मेले नाहीत. जुलाब, हगवण आणि तापाने मेले.

मार्च १८५५ मध्ये इंग्लंडहून आरोग्यविषयक कमिशन आले. त्यात डॉक्टर सदरलंड, रॉलिन्सन हे इंजिनियर, आणि लिव्हरपूल शहरात गल्लीबोळांतील घाण तपासण्याचे काम करणारे निरीक्षक होते. त्यांनी फरशीखाली पाहिले. इमारतीखालची मैल्याची गटारे तुंबलेली होती आणि त्यांची दुर्गंधी वॉर्डांत चढत होती. पाणी येण्याच्या मार्गात मेलेला घोडा कुजत पडलेला सापडला. पहिल्या पंधरवड्यातच साडेपाचशेंवर हातगाड्या व टोपल्या भरून घाण बाहेर काढली. गटारे धुऊन वाहती केली, भिंतींना चुना दिला, हवेसाठी वाटा मोकळ्या केल्या. जूनमध्ये मृत्यूचे प्रमाण हजारी २२ वर आले.

येथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की, सर्व श्रेय गटारांचे नव्हे. हिवाळा सरला होता, क्रिमियातून येणारे रोगी पूर्वीइतके खंगलेले नव्हते, अन्न सुधारले होते. कशाचे श्रेय किती, यावर इतिहासकार आजही वाद घालतात. शिवाय रोगजंतूंची माहिती तेव्हा कोणाला नव्हती. दुर्गंधीनेच रोग होतो असे ते समजत. कारण चुकीचे धरले, पण उपाय बरोबर लागू पडला. नाइटिंगेलबाईंचे नाव राहिले, सदरलंड यांचेही थोडेफार राहिले. हातगाड्या ढकलणाऱ्यांचे राहिले नाही.

बाईंचा खरा मोठेपणा आम्हांला यापुढे दिसतो. मायदेशी परतल्यावर लोक त्यांना देवी करावयास तयार होते. त्या मात्र आकडे घेऊन बसल्या. स्कुटारीत मृत्यूच्या तीन वेगवेगळ्या नोंदी होत्या, आणि एकीचा आकडा दुसरीशी जुळत नव्हता! विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाच्या मदतीने त्यांनी हिशेब मांडला आणि १८५८ साली रंगीत आकृत्या काढून दाखवला. त्या युद्धात इंग्रज सैन्याची सुमारे १६ हजार माणसे रोगाने गेली. लढाईत व जखमांनी गेलेली पाच हजारही भरत नाहीत. जिथे आपण स्वतः राबलो, तेथलेच हे आकडे बाईंनी झाकले नाहीत. पुढे सर्व इस्पितळांनी रोगी आणि मृत्यू यांची नोंद एकाच नमुन्यात ठेवावी, यासाठी त्या झगडल्या. हिंदुस्थानात त्या कधी आल्या नाहीत. पण येथील लष्करी ठाण्यांकडे प्रश्नावल्या पाठवून त्यांनी माहिती मागवली. त्यांत आपल्या मुंबई इलाख्यातील ठाणीही होती. १८६३ च्या शाही कमिशनच्या अहवालाने दाखवून दिले की, येथील गोऱ्या सैन्यात वर्षाला हजारी ६९ माणसे मरत होती.

हे वाचताना आम्हांला आमचीच एक गोष्ट आठवली, ती सांगून संपवतो. आपल्याकडच्या एका इस्पितळात एका पावसाळ्यात चादरी ओल्या येऊ लागल्या, पुढे येईनाशा झाल्या. रोग्यांचे नातेवाईक मावशींवर ओरडत, मावशी लाँड्रीवर, लाँड्री भांडारावर. आम्ही वह्या मागवल्या. वॉर्डाची एक, लाँड्रीची दुसरी, भांडाराची तिसरी; तीन वह्या आणि तीन आकडे. चौकशी करता कळले की, लाँड्रीचा बॉयलर कित्येक महिने बंद होता. तेथील कामगार आमचेच सभासद. त्यांना ते ठाऊक होते. पण आमच्या मागणीपत्रात धुलाई भत्ता होता, बॉयलर नव्हता. त्यांना कोणी विचारले नाही, असे आम्ही व्यवस्थापनाला सुनावले. आणि मग ध्यानात आले की, आम्हीही विचारले नव्हते.

तेव्हापासून मागणीपत्र लिहिण्यापूर्वी आम्ही वॉर्डातून, लाँड्रीतून आणि संडासातून एक फेरी मारतो. भत्ता हा मागितलाच पाहिजे. थकलेल्या, अर्धपोटी माणसाकडून सेवेची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. पण त्याच कागदावर बॉयलरही हवा. आणि तुम्हां नागरिकांना आमची विनंती एवढीच की, इस्पितळात आप्ताला भेटावयास जाल तेव्हा डॉक्टरांच्या पदव्या अवश्य वाचा; परंतु एखाद्या मावशीला थांबवून एवढेही विचारा, ‘मावशी, पाणी कुठून येते आणि चादरी कधी बदलतात?’ तिला उत्तर ठाऊक असते.