बंदुकीआधी माग

आमच्या शिरगावात आजोबांच्या वेळी दोन-चार ठासणीच्या बंदुका होत्या. त्यांचं खरं काम रानडुकरांपासून भात राखण्याचं. सांबराची पारध ही झोडणी उरकल्यावरची चैन.

आजोबा हाक्याला जात. ते म्हणायचे, पारधीत बंदूकवाल्याला फारसं डोकं लागत नाही. डोकं ठाकराचं. तो आदल्या दिवशी टवली, चंदेरीच्या डोंगरांच्या अंगाला माग काढून यायचा. खूर कुठं उमटलेत, शिंगं घासून साल कुठं सोललीय, लेंड्या ओल्या की सुकलेल्या. सांबर रात्री चरतं, उजाडलं की गर्द झाडीत बसतं. हुसकलं की नळीनं वर चढतं. म्हणून बंदूकवाले वळसा घालून आधीच माथ्यावर, वारा तोंडावर घेऊन बसत. मग खालून हाकारे डबे बडवत, आरोळ्या ठोकत निघायचे. बसल्या जागी कुणी विडी ओढली की दिवस वाया. वाटे रानातच पडत. कुत्र्यांचाही वाटा असे. रात्र झालीच तर कपारीखाली शेकोटी, नागलीची भाकरी आणि सुकट.

तंबू असत ते साहेबांचे. ठाण्याचे कलेक्टर हिवाळ्यात राहुट्या घेऊन जिल्हा फिरत. १८५० साली कलेक्टर ह्यू मॅलेट चौकच्या मुक्कामावरून डोंगर चढले आणि माथेरानचा ‘शोध’ लागला. धनगर, ठाकर, कातकरी तिथं आधीपासूनच वावरत होते, पण ते असो.

१८७८ साली वन कायदा आणि शस्त्र कायदा दोन्ही आले. रान सरकारी झालं, बंदुकीला परवाना लागू लागला. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, टहाळ तोडण्यावरून ठाणे-कुलाब्यात एवढी ओरड झाली की १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. पारधीसाठी कोण आयोग नेमणार? मुंबई राज्यानं १९५१ साली वन्यप्राण्यांचा कायदा केला, पुढं १९७२चा केंद्राचा आला. त्यातही सांबरासाठी परवान्याची फट होती. १९९१च्या दुरुस्तीनं ती बुजली. बरंच झालं, असं मी म्हणतो. आजोबा म्हणाले नसते.

लंडनच्या रोलंड वॉर्डनं १८९२ साली शिकारीच्या विक्रमांचं पुस्तक काढलं. त्यात शिंगांची मापं इंचांत आहेत, शेजारी मालकाचं नाव आहे. माग काढणाऱ्यासाठी रकानाच नाही.