डिझेल भेटते का, भाऊ?

जून २०२२ मधली गोष्ट. बातमीसाठी तुमसरहून नाकाडोंगरीकडे निघालो होतो. गाडीचा काटा खाली आलेला, म्हटलं रस्त्यात भरू. पहिल्या पंपावर दोरी बांधलेली. दुसऱ्यावर पुठ्ठ्यावर लिहिलेलं, 'डिझेल नाही'. तिथे पाच-सहा ट्रॅक्टर आणि कॅन घेऊन बसलेली माणसं. एक म्हातारबा विचारत होते, "कवा भेटंल भाऊ?" पंपावरचं पोरगं म्हणे, "टँकर निघाला की फोन येते." फोन काही येत नव्हता.

दिवस पऱ्हे टाकायचे. आमच्याकडे आता बैलजोडी किती घरी उरली? ट्रॅक्टर थांबला की बांधी थांबते, पुढे रोवणीही लांबते.

खेड्यात पंप कमी म्हणून डिझेल मिळत नाही, असं आपण म्हणतो. एकेकाळी ते खरं होतं. माझ्या लहानपणी आतल्या गावांत किराणा दुकानामागे ड्रम असायचा. नळी तोंडाने ओढून डिझेल काढायचे, लिटरमागे दोन पैसे जास्त घ्यायचे आणि वर माप मारायचे ते वेगळंच. शेतकऱ्याने स्वतःच्या इंजिनासाठी ड्रम ठेवला तर गुन्हा नव्हता. १९३४ चा पेट्रोलियम कायदा डिझेलच्या वर्गातलं तेल एका जागी २,५०० लिटरपर्यंत परवान्याशिवाय ठेवू देतो. पेट्रोलला मात्र ही मोकळीक नाही, कारण ते लवकर पेट घेतं.

पुढे पंप वाढले. डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याच्या मँगनीजचे ट्रक, राईस मिलचा माल, नदीची रेती, सगळ्यांना डिझेल लागतंच. मग २०२२ मध्ये पंप असूनही दोरी का?

उत्तर भावात आहे. आणि हे पहिल्यांदा घडलं नव्हतं. २००८ मध्ये कच्चं तेल भडकलं. सरकारी कंपन्यांना कमी भावात विकण्याची भरपाई मिळत होती, खासगींना नाही. रिलायन्सने देशभरातले चौदाशेच्या घरातले आपले पंप बंदच केले. जानेवारी २०१३ मध्ये सरकारने उलटी गंमत केली. सामान्य ग्राहकाला डिझेल महिन्याला ५० पैशांनी वाढवायचं आणि घाऊक घेणाऱ्याला लगेच पूर्ण बाजारभाव. झालं, एसटीच्या गाड्या डेपोचा पंप सोडून खासगी पंपावर रांगेत! ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल पूर्ण नियंत्रणमुक्त झालं, तेव्हा वाटलं हा खेळ संपला.

संपला नव्हता. युक्रेनचं युद्ध लागलं, तेल पिंपाला १०० डॉलरच्या वर गेलं. कागदावर भाव मोकळे, पण ६ एप्रिल २०२२ नंतर कंपन्यांनी पंपावरचा भाव वाढवलाच नाही. घाऊक डिझेल मात्र मार्चमध्येच लिटरमागे सुमारे २५ रुपयांनी महागलं होतं. म्हणजे कारखाने, एसटी, मोठे ठेकेदार, सगळे किरकोळ पंपावर. खासगी कंपन्यांनी तोट्यामुळे विक्री आवळली. पंपमालकांचीही तक्रार होती, कमिशन २०१७ पासून वाढलेलं नाही. ३१ मे रोजी महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्यांनी एक दिवस माल उचलला नाही. त्यातच खरिपाची मागणी. आता ज्या पंपाचा खप कमी, रस्ता लांब, त्याचा नंबर कधी लागणार?

म्हातारबांना कोणीतरी म्हणालं, कटंगीला जा. पण पलीकडे मध्य प्रदेशातही तीच बोंब होती. १५ जूनच्या आसपास पेट्रोलियम मंत्रालयाने निवेदन काढलं, साठा पुरेसा आहे, काही ठिकाणी मागणी एकदम वाढली. राजस्थान, मध्य प्रदेश, कर्नाटकची नावं होती. नाकाडोंगरीचा रस्ता त्यात कुठून येणार? (आपण तसेही नकाशाच्या घडीत बसतो.)

१७ जूनला आदेश निघाला. दुर्गम भागातल्या पंपांसह प्रत्येक पंपावर ठरल्या वेळी साठा ठेवणं आणि कोणालाही नाही न म्हणणं कंपन्यांना बंधनकारक. खासगींनाही. नाही पाळलं तर परवाना रद्द होऊ शकतो. हा नियम आजही आहे. म्हणून पंपावर 'डिझेल नाही' दिसलं की एक फोटो काढा, तारीख-वेळ लिहा, तहसील कार्यालयात लेखी द्या आणि पोच घ्या. "नाही आलं भाऊ" ऐकून कॅन उचलून घरी जाऊ नका.

म्हातारबा त्या दिवशी रिकामा कॅन घेऊनच परत गेले. मी अर्ध्या टाकीवरच्या एका ओळखीच्या जीपमधून पाच लिटर काढून घेतलं. नळी तोंडाने ओढून.