अभिनय-शिक्षण, महाविद्यालयीन (वाशीम जिल्हा)

वाशीम जिल्ह्यातील महाविद्यालयांत, मुख्यतः विद्यापीठाच्या युवा महोत्सवाच्या तालमींतून, होणारे अभिनयाचे शिक्षण. अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 जुलै 1998 रोजी हा जिल्हा अस्तित्वात आला. येथील महाविद्यालयांचे विद्यापीठ अमरावतीचे (स्थापना 1983). नाट्यशिक्षणाची राज्यातील ठळक विद्यापीठीय केंद्रे म्हणजे छत्रपती संभाजीनगरचा (पूर्वीचे औरंगाबाद) नाट्यशास्त्र विभाग, पुण्याचे ललित कला केंद्र (1987) व मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकादमी (2003), तिन्ही विदर्भाबाहेर. त्यामुळे जिल्ह्यातल्या कारंजा किंवा रिसोडच्या विद्यार्थ्याला दिग्दर्शकाच्या हाताखाली उभे राहण्याची पहिली संधी बहुधा महोत्सवामुळेच मिळते. या तालमीला नुसता उपक्रम न समजता शिक्षणच मानावे लागते.

महोत्सवाच्या नाट्यविभागात एकांकिका (30 मिनिटे), प्रहसन (10), मूकाभिनय (5) आणि नक्कल (5) हे प्रकार असतात. त्यांतून नकळत एक अभ्यासक्रमच आखला जातो. मूकाभिनयात शब्द काढून घेतल्याने आंगिक अभिनयाला पळवाट उरत नाही. नक्कल आवाजाची फेक व कान तयार करते. एकांकिकेत समोरच्याचे वाक्य ऐकून मग बोलावे लागते. महोत्सव ही स्पर्धाही असते; स्पर्धेसाठीची तयारी म्हणजे परीक्षकांना खूश करणे, हालचाली दिग्दर्शकाने बसवून द्यायच्या आणि पोरांनी गिरवायच्या, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. पण पुण्याचा पुरुषोत्तम करंडकही 1963 पासून महाविद्यालयीन एकांकिकांची स्पर्धाच आहे, आणि मराठी रंगभूमीला त्याने नटांच्या पिढ्या दिल्या. तेव्हा दोष स्पर्धेचा नाही. महोत्सव संपला की तालीमही संपते, हा आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील (2020) श्रेयांकाधारित सहअभ्यासक्रमांमुळे वर्षभराच्या तालमीला आता वाव आहे.

खरा प्रश्न वाचिक अभिनयाचा. इथल्या वऱ्हाडी बोलीत ‘ळ’ चा ‘य’ होतो: शाळा ‘शाया’, डोळा ‘डोया’. ‘तो येऊन राह्यला’ ही क्रियापदाची ठेवण तर श्वासासकट अंगवळणी पडलेली असते. तालमीत ती पुसून प्रमाण उच्चार बसवला की मुलगा प्रत्येक वाक्याआधी क्षणभर अडखळतो आणि भाव निसटतो. बोली ठेवली, तर ती बहुतेकदा प्रहसनात, हशासाठी. टीव्हीवरील विनोदी मालिकांनी वऱ्हाडी घरोघर पोहोचवली हे मोठेच काम. पण त्याच बोलीत माणूस कर्जाचा हिशेब मांडतो, मयताला रडतो, भावाशी भांडतो. नटाने प्रमाण मराठीही कमवावी, नाहीतर त्याला बाहेर कामे मिळणार नाहीत, हे म्हणणे रास्त आहे. मात्र ती दुसरी भाषा म्हणून शिकवावी, पहिलीच्या जागी नव्हे. बोलीच्या या प्रश्नाला इतिहासाचीही एक बाजू आहे. वाशीम म्हणजे प्राचीन वाकाटक राजवंशाच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. त्या शाखेचा राजा सर्वसेन याने ‘हरिविजय’ हे काव्य संस्कृतात नव्हे, महाराष्ट्री प्राकृतात रचले. आजच्या वऱ्हाडीशी त्याचे थेट नाते जोडता येत नाही. लोकभाषेत गंभीर रचना करण्याची प्रथा या नगरीला जुनी आहे, एवढे मात्र त्यावरून दिसते.

दंडार या लोकनाट्यातील गद्य संवाद उत्स्फूर्त असतात; पण महोत्सवाच्या संहिताबद्ध तालमीत या गुणाला फारशी जागा नाही.