चिपमधील असमकालिक संदेशवहन : विनंती आणि पोच

एकाच चिपवरील विभागांनी सामाईक क्लॉकच्या ठोक्यावर विसंबून न राहता, परस्परांच्या संकेतांनुसार माहितीची देवाणघेवाण करणे म्हणजे असमकालिक संदेशवहन होय. बहुतेक चिपमध्ये क्लॉकचेच राज्य असते. त्याची गती १ गिगाहर्ट्‌झ असेल, तर दोन ठोक्यांत केवळ १ नॅनोसेकंदाचे अंतर उरते. चिपवरील तारा बारीक होत गेल्या की त्यांचा विद्युतरोध वाढतो. परिणामी हा ठोका चिपच्या सर्व कोपऱ्यांत एकाच क्षणी पोहोचवणे अवघड ठरते आणि त्यावर वीजही बरीच खर्च होते.

असमकालिक पद्धतीत पाठवणारा विभाग ‘विनंती’ करतो आणि घेणारा ‘पोच’ देतो. पोच मिळेपर्यंत पुढील माहिती निघत नाही. चार टप्प्यांच्या पद्धतीत विनंती व पोच हे दोन्ही संकेत क्रमाने वर जातात व पुन्हा शून्यावर येतात. दोन टप्प्यांच्या पद्धतीत संकेतातील प्रत्येक बदल अर्थपूर्ण असतो. त्यामुळे तारेवरील फेऱ्या निम्म्या होतात. मात्र मंडल अधिक गुंतागुंतीचे बनते.

माहिती वाहण्याच्याही दोन रीती आहेत. पहिलीत माहितीच्या तारांसोबत विनंतीची एक स्वतंत्र तार असते. येथे तारा कमी लागतात. परंतु विनंती माहितीच्या आधी पोहोचली, तर चुकीचे मूल्य वाचले जाते. दुसरीत प्रत्येक बिटासाठी दोन तारा असतात आणि माहिती पूर्ण आल्याचे तिच्यावरूनच कळते. विलंब कितीही बदलला तरी ही रीत चुकत नाही. पण ३२ बिटांसाठी ६४ तारा लागतात.

या शास्त्राचा पाया डेव्हिड मुलर यांनी इलिनॉय विद्यापीठात १९५०च्या दशकात घातला. दोन्ही आदाने समान झाल्यावरच बदलणारा ‘सी-घटक’ त्यांच्याच नावाने ओळखला जातो. आयव्हन सदरलँड यांचे ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने दिलेले, १९८९मध्ये प्रसिद्ध झालेले ‘मायक्रोपाइपलाइन्स’ हे व्याख्यान या विषयाला नवी चालना देणारे ठरले.

मँचेस्टर विद्यापीठाच्या ‘स्पिनेकर’ संगणकात या तत्त्वांचा मोठा वापर आढळतो. त्याच्या प्रत्येक चिपवर १८ प्रक्रियक असून त्यांना असमकालिक जाळे जोडते. चिपच्या आत सहापैकी तीन तारा सक्रिय करणारी चार टप्प्यांची पद्धत वापरली आहे. चिपबाहेर प्रत्येक संकेतबदल महाग पडतो. म्हणून तेथे सातपैकी दोन तारांची, दोन टप्प्यांची पद्धत योजली आहे.

असमकालिक माहिती क्लॉकवर चालणाऱ्या विभागात शिरते, तेव्हा संकेत काही काळ शून्य व एक यांच्या दरम्यान अडकू शकतो. समकालक मंडलाने हा धोका अत्यल्प करता येतो, समूळ नष्ट करता येत नाही. शिवाय अभिकल्पनेची व चाचणीची प्रचलित साधने मुख्यतः क्लॉक गृहीत धरूनच घडलेली आहेत. म्हणूनच विभागांच्या आत क्लॉक आणि विभागांमध्ये हस्तांदोलन, ही मिश्र रचना अनेकदा अधिक व्यवहार्य ठरते.