ब्रॉडकास्ट म्हणजे फोकणं!

मागच्या एपिसोडनंतर मंगळवेढ्याहून आजोबांचा फोन आला. "अरे, त्या मोबाईलवर बोलत असतोस, ते काय असतं?" म्हटलं, पॉडकास्ट. कळलं नाही. म्हटलं, रेडिओवर ब्रॉडकास्ट करतात ना, तसंच. "म्हंजे नेमकं काय करतात?" झाली का पंचाईत! बीटेक झालोय, ऑफिसात रोज हा शब्द वापरतो, पण अर्थ सांगता येईना. मग शोधायला बसलो.

तर ब्रॉडकास्ट हा शब्द मुळात रेडिओचा नाहीच. शेतातला आहे. ब्रॉड म्हणजे रुंद, कास्ट म्हणजे फेकणं. हे कास्ट इंग्रजीत आलं जुन्या नॉर्समधून, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेतून. तिकडचा शेतकरी बियाण्याची टोपली गळ्यात अडकवून चालायचा आणि मुठीनं बी चहूकडं उधळायचा. अठराव्या शतकात अशा पेरणीला ब्रॉडकास्ट म्हणत. त्याच शतकाच्या तोंडावर, १७०१ च्या सुमारास, जेथ्रो टलनं ओळीत बी सोडणारं यंत्र बनवलं होतं. दोन पद्धती झाल्या, म्हणून जुनीला वेगळं नाव लागलं असावं, हा आपला माझा अंदाज.

आजोबांना सांगितलं तर हसले. "म्हंजे फोकणं! युरिया फोकतात, वाफ्यात मेथी फोकतात. ज्वारी कोण फोकतंय?"

खरंय. आपल्याकडं शाळू तिफणीनं पेरतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात वरची काळी माती सुकायला लागलेली असते, ओल खाली असते. तिफणीचे तीन फण तिथवर जातात. वर लाकडी चाडं, त्याला तीन नळ्या. चाड्यावर मूठ धरणारा माणूस बोटांमधून बी सोडतो आणि ते थेट ओलीत पडतं. फोकलं असतं तर पाखरांनी वेचलं असतं, उरलेलं उन्हात पडून राहिलं असतं. हॅल्कट नावाच्या इंग्रज कॅप्टननं १७९० च्या दशकात दक्षिण भारतात ओळीत पेरणारं असं औजार पाहून विलायतेला कळवलं होतं. टलचं कौतुक आहेच, पण आपल्याकडं हे बैलांमागं आधीपासून चालू होतं.

मग रेडिओत हा शब्द कसा शिरला? सुरुवातीचं वायरलेस म्हणजे एका जहाजाचा दुसऱ्याला निरोप. सिग्नल सगळीकडं पसरतो, कुणीही ऐकतो, ही तेव्हा डोकेदुखी होती. १९२० च्या सुमारास अमेरिकेत तोच गुण ठरला. २ नोव्हेंबर १९२० ला पिट्सबर्गच्या केडीकेए केंद्रानं अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल हवेत फोकले. आपल्याकडं मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. मराठीत आपण 'प्रक्षेपण' म्हणतो, त्यातल्या 'क्षिप्' धातूचा अर्थही फेकणं! बी मात्र हरवलं.

आमच्या नेटवर्किंगमध्ये २५५.२५५.२५५.२५५ ला पाठवलेला पॅकेट त्या नेटवर्कवरच्या सगळ्यांना जातो. फार गोंगाट होतो म्हणून आयपीव्ही६ मध्ये ब्रॉडकास्ट काढूनच टाकलं. आजोबांना हे पटलं असतं.

पॉडकास्ट हा शब्द २००४ चा, बेन हॅमर्स्ली यांनी 'द गार्डियन'मध्ये सुचवलेला. आयपॉड गेला, फेकणं राहिलं. आकाशवाणीची शेतकऱ्यांसाठीची 'किसानवाणी'सुद्धा त्याच वर्षीची.

"कुणाच्या कानात पडतंय ते ठाऊक नसताना बोलतोस?" आजोबांनी शेवटी विचारलं. यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. आमच्यात चाड्यावर मूठ धरायची ती आजी. बी दाट होऊ नये, विरळ होऊ नये म्हणून ती बोटं कशी हलवायची, ते आजोबांनाही सांगता येत नाही. "तिच्या हाताला ठाऊक होतं," म्हणतात. आजी गेली, तिफण गोठ्यात टांगलीय, पेरणी ट्रॅक्टरनं होते. तिच्या आवाजाची एक क्लिपसुद्धा माझ्याकडं नाही.

या पेरणीला माइक घेऊन गावी चाललोय. आजोबा बोलायला तयार झालेत. अट एकच, मध्ये जाहिरात नको.